किल्ली कोणाच्या खिशात? : कामाच्या जागेतील आग आणि सुटकेची योजना

(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कारखान्यात आग लागली तर आतल्या माणसांनी बाहेर कसे पडावे, हा विषय बहुधा सुरक्षा-अधिकारी आणि अग्निशमन दल यांच्यावर सोपवून दिला जातो. कामगार संघटनांच्या बैठकांत वेतनश्रेणी, महागाई भत्ता, बोनस, कंत्राटी पद्धती यांवर तासन् तास चर्चा होते. दारे आणि जिने यांवर होत नाही. दारे-जिने ही बांधकामाची बाब, तिच्यात श्रम आणि भांडवल यांच्या संबंधांचा प्रश्न कोठून आला, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत किती चुकीची आहे हे समजून घेण्यासाठी १९११ सालच्या न्यूयॉर्कमधील एका आगीकडे जरा तपशिलाने पाहावे लागेल. त्या आगीची कथा अनेकांनी ऐकलेली असेल. परंतु ती सामान्यतः हळहळण्यासाठी सांगितली जाते. येथे ती सुटकेच्या योजनेची उलटतपासणी म्हणून पाहावयाची आहे.

२५ मार्च १९११ हा शनिवार होता. मॅनहॅटनमधील ॲश बिल्डिंग या दहा मजली इमारतीच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीचा कारखाना होता. तेथे स्त्रियांची पोलकी शिवली जात. कामगारांत बहुसंख्य तरुण मुली, बहुतेक ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांच्या घरांतल्या. दुपारी पावणेपाचच्या सुमारास, काम सुटण्याच्या वेळी, आठव्या मजल्यावर कापड बेतण्याच्या टेबलाखाली साठलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. आठव्या मजल्यावरून दूरध्वनी झाला तो दहाव्या मजल्यावर, कारण मालकांची कचेरी तेथे होती. दहाव्या मजल्यावरची माणसे, मालकांसह, गच्चीवर गेली आणि तेथून शेजारच्या इमारतीवर चढून जवळजवळ सर्व वाचली. मधल्या नवव्या मजल्याला कोणीच कळवले नाही. त्या मजल्याला सूचना मिळाली ती प्रत्यक्ष ज्वाळांकडून.

नवव्या मजल्यावर दोन जिने होते. एका जिन्याच्या वाटेत आग शिरली. दुसऱ्या जिन्याचे दार कुलूपबंद होते. हे कुलूप नजरचुकीने राहून गेलेले नव्हते. काम सुटल्यावर सर्व मुलींनी एकाच दाराने बाहेर पडावे, आणि तेथील पहारेकऱ्याने प्रत्येकीची पिशवी उघडून ती एखादे पोलके किंवा लेसचा तुकडा तर नेत नाही ना हे पाहावे, अशी कारखान्याची शिस्त होती. इमारतीच्या मागच्या बाजूची लोखंडी शिडी माणसांच्या भाराने कोसळली. लिफ्ट चालवणाऱ्यांनी शक्य तितक्या खेपा केल्या आणि बऱ्याच जणींना खाली आणले. अग्निशमन दल काही मिनिटांत पोचले, पण त्यांच्या शिड्या सहाव्या मजल्याच्या वर जात नव्हत्या. १४६ माणसे मेली. त्यांतली कितीतरी खिडक्यांतून खाली पडून. इमारत अग्निरोधक म्हणून बांधलेली होती, आणि तो दावा खोटा नव्हता. ती आजही उभी आहे आणि तेथे विद्यापीठाचे वर्ग भरतात.

पुढे जे घडले तेही पाहावे. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दोन्ही मालकांवर खटला चालला. दार कुलूपबंद होते हे साक्षींतून आले, परंतु त्या क्षणी ते कुलूपबंद आहे हे मालकांना ठाऊक होते, एवढे निःसंशय सिद्ध झाले नाही, आणि ते सुटले. १९१४ साली दिवाणी दाव्यांत मृतामागे ७५ डॉलर भरपाई ठरली. विमा कंपनीने मात्र मालकांना त्यांच्या प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा सुमारे ६०,००० डॉलर अधिक दिले होते. आणि १९१३ साली त्याच दोघांपैकी एका मालकाच्या नव्या कारखान्यात, कामाच्या वेळी, दार पुन्हा कुलूपबंद आढळले. दंड झाला वीस डॉलर.

या आकड्यांकडे पाहून मालकाला राक्षस ठरवणे सोपे आहे. त्याने फारसे साधत नाही. तो हिशेब करणारा मनुष्य होता आणि त्याचा हिशेब त्याच्या परीने बिनचूक होता. पोलक्यांची चोरी ही रोजची, थोडी, पण निश्चित हानी. तिचा भार मालकावर पडतो. आग ही क्वचित घडणारी गोष्ट. तिच्यात जळणारा माल विम्याने भरून निघतो आणि जळणाऱ्या माणसांचा भार त्यांच्या घरच्यांवर पडतो. ज्याच्या हाती कुलूप आहे त्याला चोरीची किंमत मोजावी लागते आणि आगीची मोजावी लागत नाही, अशी रचना असेल तर कुलूप लागणारच. अर्थशास्त्रात यालाच खर्च दुसऱ्यावर ढकलणे म्हणतात. कारखान्याच्या धुराड्यातून गावावर जाणारा धूर आणि हे कुलूप, दोन्ही एकाच जातीचे. म्हणून सुटकेच्या योजनेचा विचार करताना पहिला प्रश्न नकाशाचा येत नाही. किल्ली कोणाच्या खिशात आहे आणि ती तेथे असल्याने कोणाचा काय फायदा होतो, हा पहिला प्रश्न.

हा प्रश्न जुना झाला असता तर तो येथे काढण्याचे कारण नव्हते. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील एका तयार कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून अधिक कामगार मेले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते. ती आग मुद्दाम लावलेली होती असा निर्णय तेथील न्यायालयाने पुढे २०२० साली दिला. पण आग अपघाताने लागली की लावली गेली, यावर गजांच्या मागे अडकलेल्या माणसाचे मरण अवलंबून नव्हते. याच कारखान्याला त्या आगीच्या काही आठवडेच आधी सामाजिक जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला ढाक्याजवळ आशुलिया येथे ताझरीन फॅशन्सच्या बहुमजली कारखान्यात एकशे दहाहून अधिक कामगार मेले. तळमजल्यावर कापड आणि सूत यांचा साठा होता आणि वरून येणारे जिने त्या साठ्यातच उतरत होते. धोक्याची घंटा वाजली होती. कामगार उठलेही होते. वरिष्ठांनी त्यांना सांगितले की काही झालेले नाही, यंत्रावर परत बसा. आणि जाळीचे दरवाजे बंद केले गेले. वाचलेल्यांनी हे सांगितले आहे.

या घटनेने घंटेविषयीची एक भाबडी कल्पना मोडून पडते. घंटा वाजली की माणसे पळतात, धावपळ होते, चेंगराचेंगरी होते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आगीच्या घटनांचा अभ्यास करणाऱ्यांना बहुतेक वेळा उलटे आढळले आहे. घंटा वाजल्यावर माणसे थांबतात. एकमेकांकडे पाहतात, खरेच आहे की चाचणी आहे असे विचारतात, हातातले काम पुरे करतात, आणि वरिष्ठ काय करतो याची वाट पाहतात. मौल्यवान मिनिटे या घुटमळण्यातच जातात. कचेरीत हे घडते तर जेथे यंत्र सोडल्यास नगामागची मजुरी बुडते आणि वर मुकादमाचे बोलणे खावे लागते तेथे किती घडत असेल! नगावर काम करणाऱ्या बाईने घंटा ऐकून उठावे की नाही, हे तिच्या वेतनपद्धतीने आधीच ठरवून टाकलेले असते. त्यामुळे सुटकेच्या योजनेतले पहिले कलम असे हवे : घंटा झाली की कोणाच्याही परवानगीवाचून काम सोडायचे, घंटा कोणत्याही कामगाराला वाजवता आली पाहिजे, घंटा खोटी निघाली तरी त्या वेळेची मजुरी मिळेल, आणि वाजवणाऱ्याला शिक्षा होणार नाही. हे कलम भिंतीवर लावून पुरत नाही. ते संघटना आणि व्यवस्थापन यांच्या करारात, वेतनाच्या कलमाशेजारी यायला हवे.

आता आगीचा स्वभाव थोडक्यात. आगीत माणसे बहुधा जळून मरत नाहीत, धुराने मरतात. धूर आधी छताखाली साचतो आणि मग थर खाली उतरू लागतो. त्यामुळे वाकून किंवा रांगत गेल्यास श्वास घेण्याजोगी हवा काही काळ मिळते. कार्बन मोनॉक्साइड हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. फोम, नायलॉन, प्लॅस्टिक जेथे आहे तेथे सारे काही मिनिटांत आटोपते. उघडा जिना हा धुराड्याचे काम करतो. म्हणून जिन्याचे दार आपोआप मिटणारे असावे लागते. ते मिटलेले हवे, पण त्याला कुलूप नको. हा फरक पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि वारा यावा म्हणून अशा दाराला वीट लावून ते उघडे ठेवलेले सर्रास दिसते. दार बाहेरच्या बाजूस उघडावे, कारण आत उघडणारे दार मागच्या गर्दीच्या दाबाने उघडतच नाही. लिफ्ट वापरू नये. जिन्याखाली विजेचे मीटर, खोकी, रिकामी पिंपे, जुनी मोटारसायकल यांतले काहीही नसावे. एवढे शाळेतल्या मुलालाही समजेल; यावर अधिक वेळ घालवण्याचे कारण नाही.

अधिक वेळ द्यायला हवा तो एका साध्या निरीक्षणाला. संकटात माणूस ज्या दाराने आत आला त्याच दाराकडे जातो. भिंतीवर कितीही बाण काढा, ज्या दाराने तो कधी गेलेला नाही ते दार त्याच्या लेखी भिंतच असते. यावर उपाय फुकटचा आहे. आठवड्यातून एक दिवस सुट्टीच्या वेळी सर्वांनी दुसऱ्या दाराने, दुसऱ्या जिन्याने बाहेर पडायचे. पण ही सूचना एखाद्या व्यवस्थापकासमोर मांडून पाहावी. तत्काळ उत्तर येईल की तेथे झडतीची सोय नाही. म्हणजे फिरून आपण १९११ च्या नवव्या मजल्यावर येतो. मुख्य दाराच्या जाळीतून एका वेळी एकच माणूस जाईल एवढी फट, तिच्याशी बसलेला वॉचमन, आणि बाकीची दारे बंद : झडतीसाठी जी रचना उत्तम तीच सुटकेसाठी सर्वांत वाईट. इमारत-संहितांच्या जुन्या हिशेबाने एका माणसाला खांद्यांसह सहज जाण्यास अर्धा मीटर रुंदी लागते. दोनशे माणसांनी एकेक करून अशा फटीतून निघायचे म्हटल्यास किती वेळ लागेल हे घड्याळ लावून कोणीही मोजू शकतो.

चोरीची भीती खोटी आहे असे म्हणण्याची गरज नाही. मालाची चोरी होते. परंतु तिच्यावर कुलूप हा एकमेव इलाज आहे हे खरे नाही. आतून ढकलताच उघडणारा आडवा दांडा दाराला बसवता येतो. दार उघडले की मोठ्याने घंटा वाजेल अशी जोडणी करता येते. चोर घंटेला भितो, आगीतल्या माणसाला तिचे काही वाटत नाही. खर्च येतो तो एका दांड्याचा आणि एका घंटेचा. इतका सोपा पर्याय उपलब्ध असताना कुलूप टिकून राहते, याचा अर्थ त्यात चोरीपलीकडचेही काही आहे. कोणी केव्हा बाहेर जावे हे मालकाने ठरवायचे, ही जी सत्ता आहे, तिचे ते चिन्ह आहे.

कवायतीने काय साधते याचे उदाहरण एका अनपेक्षित ठिकाणाहून घेता येईल. १९९३ साली न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात बाँबस्फोट झाला, तेव्हा धुराने भरलेल्या जिन्यांतून माणसे बाहेर यायला कित्येक तास लागले. तेथील मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेचा सुरक्षाप्रमुख रिक रेस्कोर्ला याने त्यानंतर आपल्या मजल्यांवर वारंवार कवायती घेण्यास सुरुवात केली. दलाल कुरकुरले, कारण त्यांच्या एकेका मिनिटाला मोल होते. कवायती थांबल्या नाहीत. ११ सप्टेंबर २००१ रोजी शेजारच्या मनोऱ्यावर पहिले विमान आदळल्यावर, आपापल्या जागी थांबा असे इमारतीच्या व्यवस्थापनाकडून सांगितले जात होते. रेस्कोर्लाने ते न जुमानता माणसे जिन्यांकडे वळवली. त्या संस्थेची सुमारे २,७०० माणसे वाचली. मागे कोणी राहिले का हे पाहायला तो पुन्हा वर गेला आणि परतला नाही. भांडवली जगाच्या अगदी मध्यभागी जी दक्षता एका माणसाच्या आग्रहाने शक्य झाली, ती शिवणाच्या कारखान्यात परवडत नाही असे म्हणणाऱ्यांनी आपला हिशेब मांडून दाखवावा.

तो हिशेब असा होईल. शंभर कामगारांच्या कारखान्यात वर्षातून दोनदा, प्रत्येकी पंधरा मिनिटांची कवायत घेतली तर पन्नास श्रमतास खर्ची पडतात. शंभर कामगार, आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे एकूण २,४०,००० श्रमतास. त्यांतले पन्नास, ४,८०० तासांमागे एक. वीज गेल्यामुळे, सूत तुटल्यामुळे, कच्चा माल उशिरा आल्यामुळे याच्या कितीतरी पट तास वाया जातात आणि त्यावर कोणी ओरडत नाही. कवायत वर्षातून चार वेळा घेतली तरी कोणाचे दिवाळे निघणार नाही. मात्र ती खरी हवी. आधी सूचना देऊन, फोटो काढण्यासाठी, सकाळच्या पाळीत कचेरीतल्या माणसांना अंगणात उभे करणे ही कवायत नव्हे. एखाद्या वेळी मुख्य जिना बंद आहे असे धरून ती घ्यावी. एखाद्या वेळी रात्रपाळीत घ्यावी. आणि घड्याळ कामगारांच्या प्रतिनिधीच्या हाती असावे.

योजनेतला शेवटचा भाग सर्वांत साधा दिसतो आणि सर्वांत अवघड असतो. बाहेर ठरलेल्या जागी सर्वांनी जमायचे आणि हजेरी घ्यायची. हजेरी घेतल्याशिवाय आत कोणी राहिले की नाही हे कळत नाही, आणि ते न कळल्यास अग्निशमन दलाच्या माणसांनी जीव धोक्यात घालून आत जायचे की नाही हेही ठरवता येत नाही. परंतु हजेरी घ्यायची कोणाची? हजेरीपटावर साठ नावे असतात आणि आत शंभर माणसे असतात. कंत्राटदाराने पाठवलेले वीस, हमाल, शिकाऊ मुले, घरच्या बाईबरोबर आलेली तिची पोरगी, दुरुस्तीला आलेला वायरमन, यांची नावे कोठेच नसतात. किंबहुना त्यांची नावे नसण्यातच व्यवस्थापनाचा फायदा असतो. भविष्यनिर्वाह निधी आणि विमा योजना वाचतात. ८ डिसेंबर २०१९ च्या पहाटे दिल्लीच्या अनाज मंडी भागात ४३ माणसे मेली. पिशव्या वगैरे बनवणाऱ्या कारखान्यांची ती इमारत. बहुतेक कामगार बिहारमधून आलेले, आणि जेथे काम करायचे तेथेच झोपणारे. त्याआधी दोन वर्षे, १८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे, मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रस्त्यावर फरसाणाच्या एका गाळ्यात बारा कामगार असेच झोपेत सापडले. रात्री आत झोपणारा माणूस कोणत्याही कागदावर नसतो. दिवसा तो कामगार असतो, रात्री तो कोणीच नसतो, आणि शटर बाहेरून ओढून घेतलेले असते. त्यामुळे सुटकेची योजना प्रामाणिकपणे करायला घेतली की लपवलेले कामगार उघडे पडतात. मालकवर्गाला या योजनेचे वावडे असण्याचे एक कारण हेही आहे, आणि संघटनांनी ती आग्रहाने मागण्याचे कारणही हेच. खऱ्या हजेरीची मागणी सुरक्षेच्या नावाने करता येते. ती नाकारणे कोणालाही अवघड जाते.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टचे ३८ वे कलम १९८७ च्या दुरुस्तीनंतर जसे झाले त्यात दोन गोष्टी होत्या. आग लागल्यास सर्वांना सुरक्षितपणे बाहेर पडण्याचे मार्ग असावेत आणि ते राखले जावेत, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची : बाहेर पडण्याचे मार्ग सर्व कामगारांना परिचित असावेत आणि अशा वेळी काय करायचे याचे त्यांना पुरेसे शिक्षण मिळालेले असावे. म्हणजे दार असणे पुरेसे नव्हते, ते कामगाराच्या ओळखीचे असणे ही मालकाची जबाबदारी होती. या दुसऱ्या भागाची तपासणी कधी झाली, हे ज्यांनी कारखान्यांत आयुष्य काढले त्यांना विचारावे. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. तो डिसेंबर २००८ पासून अमलात आला. इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून आग विझवण्याची यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करायचे, अशी त्यात तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण प्रमाणपत्र पंप, नळ, सिलिंडर यांविषयी बोलते. रात्री किल्ली कोठे असते हे ते सांगत नाही. त्याचे शुल्कही ज्याची तपासणी व्हायची तोच देतो. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्याच चौथ्या मजल्यावर आग लागली, वरचे मजले खाक झाले आणि पाच माणसे गेली. ज्या वास्तूतून या कायद्याची अंमलबजावणी व्हायची तिची ही अवस्था, तर भिवंडीच्या गोदामाविषयी काय बोलावे!

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत आणि फॅक्टरी ॲक्टची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. जुन्या कायद्यात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून आणि विजेविना चालणारा वीस कामगारांपासून ‘फॅक्टरी’ ठरे. नव्या संहितेत हे आकडे वीस आणि चाळीस झाले आहेत. निरीक्षकाच्या नावाला ‘सुविधाकार’ हे शेपूट जोडले आहे. सुरक्षा समितीची सक्ती सर्वसाधारणपणे ५०० कामगारांच्या आस्थापनेपासून सुरू होते. छोट्या उद्योगांवरचा कागदांचा भार कमी व्हावा, हा हेतू सांगितला जातो आणि त्यात काही तथ्य आहे. दहा-बारा माणसांचा गाळा चालवणारा मालक हा काही टाटा-बिर्ला नसतो. पण माणसे मरतात ती मुख्यतः याच गाळ्यांत. १३ मे २०२२ रोजी दिल्लीच्या मुंडका भागात चार मजली व्यापारी इमारतीत २७ माणसे मेली, बहुतांश स्त्रिया; बाहेर पडायला एकच अरुंद जिना होता आणि इमारतीला अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखलाही नव्हता. ७ जून २०२१ रोजी पुण्याजवळ पिरंगुट येथील रासायनिक उत्पादनांच्या कारखान्यात सतरा कामगार मेले, त्यांतही बहुतेक स्त्रियाच. जेथे धोका दाट तेथे कायदा विरळ, असा हा उफराटा प्रकार आहे.

कायदा कामगारांच्या बाजूने वळतो तो कसा, याचीही उदाहरणे आहेत. ट्रँगलच्या आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने कारखाना चौकशी आयोग नेमला. १९०९ च्या मोठ्या संपात याच पोलकी शिवणाऱ्या मुली हजारोंनी रस्त्यावर आल्या होत्या, त्या चळवळीचा रेटा आयोगामागे होता. आयोगाच्या शिफारशींतून पुढच्या दोन-तीन वर्षांत कायद्यांची मालिकाच झाली : कामाच्या वेळी दारांना कुलूप नको, दारे बाहेर उघडावीत, आगीच्या कवायती व्हाव्यात. ती आग रस्त्यावरून डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स या आयोगाच्या कामात होत्या. त्या १९३३ मध्ये अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. बांगलादेशात ताझरीननंतर पाच महिन्यांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा कोठे परदेशी कपडे-कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात कायद्याने बंधनकारक करार झाला. त्या कराराखाली दीड हजाराहून अधिक कारखाने तपासले गेले, जाळीचे सरकते दरवाजे काढून तेथे आग रोखणारी दारे बसवण्यात आली, सुरक्षा समित्यांना शिक्षण मिळाले, आणि धोका दिसल्यास काम नाकारण्याचा हक्क मान्य झाला. कराचीच्या प्रमाणपत्रात आणि या करारात फरक एवढाच की कराराच्या खाली कामगारांची सही होती.

राहता राहिला छोट्या गाळ्यांचा प्रश्न. औद्योगिक वसाहतीतल्या तीन मजली इमारतीत तीस गाळे असतात, प्रत्येकात दहा-बारा माणसे. कोणताही एक गाळा नव्या संहितेनुसार ‘फॅक्टरी’ ठरत नाही, पण जिना एकच असतो आणि तो साडेतीनशे माणसांचा असतो. तेव्हा योजना मालकागणिक करण्याऐवजी जिन्यागणिक करावी. २००६ चा राज्याचा कायदा इमारतीला लागू होतो, कामगारांच्या संख्येला नव्हे. त्याचा धागा येथे धरता येईल. गाळेधारकांच्या सोसायटीला सांगावे की प्रत्येक मजल्यावरून एक कामगार निवडला जाईल. जिन्यात माल ठेवल्यास तो उचलून बाहेर ठेवण्याचा अधिकार त्याला असेल. सूचना मराठीत, हिंदीत आणि त्या मजल्यावर जी भाषा बोलली जात असेल तीत लिहिल्या जातील. नुसत्या लिहून न थांबता नव्या आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दोन्ही वाटांनी चालवून आणले जाईल. पायाने अधू असलेल्याला कोणी दोघांनी धरायचे हे नावानिशी ठरेल. पोटमाळ्यावर झोपणाऱ्यांची वही वॉचमनकडे राहील आणि शटरला आतून उघडणारी कडी बसेल. हे सर्व करायला सरकारी निरीक्षकाची वाट पाहावी लागत नाही. जानेवारीत सोसायटी आपले प्रमाणपत्र सादर करील, तेव्हा त्याची एक प्रत जिन्याच्या पायथ्याशी लावण्याची मागणी करावी, आणि तिच्या शेजारी शेवटच्या रात्रपाळीच्या कवायतीला किती मिनिटे लागली तो आकडा खडूने लिहावा.